संगणकाचं टेबल लावण्याची सोपी पद्धत (तुळिंजमधल्या नवशिक्यांसाठी)

टेबल लावायचे व्हिडिओ बघून हे काम कोणी हाती घेऊ नये. त्या व्हिडिओत रिकामी खोली असते, पांढरी भिंत असते, कोपऱ्यात कुंडी असते आणि माणूस एकटाच असतो. तुळिंजमध्ये कुंडी असते ती खिडकीच्या ग्रिलमध्ये, तिच्यात कोरफड असते, आणि एकटा माणूस फक्त रात्री अडीचला सापडतो. ही मार्गदर्शिका नालासोपारा पूर्वेतल्या वन आरके, वन बीएचके आणि बैठ्या चाळींसाठी आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. एमएस-सीआयटी झालेलं असलं तर चांगलंच. पण 2001 साली सुरू झालेल्या त्या अभ्यासक्रमात लाखो लोक माउस धरायला शिकले. टेबलावरची इस्त्री कोणाला विचारून उचलायची, हा धडा त्यात कधीच नव्हता.

साहित्य: एक स्क्रू ड्रायव्हर, एक इंची रंगाचा ब्रश (कोरा), चिकटपट्टी, बॉलपेन, मोजपट्टी, परकराच्या दोन-तीन जुन्या नाड्या, सात-आठ दिवाळी अंक, एक पाट आणि घरातल्या सगळ्यांची हजेरी. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

टेबल कुणाचं?

संगणकाचं टेबल संगणकासाठी असतं, ही समजूत पहिल्याच दिवशी सोडा. वीसेक वर्षांपूर्वी घेतलेलं ते टेबल तुमच्या ओळखीचं असेल. तपकिरी सनमायका, खाली चार चाकं आणि त्यातलं एक न फिरणारं, कीबोर्डसाठी सरकता ट्रे, बाजूला सीपीयूचा कप्पा, डोक्यावर स्पीकरची फळी. ते बनवलं होतं डबा मॉनिटरच्या मापाने. तो मॉनिटर मागे हातभर जायचा. सपाट स्क्रीन आली आणि तिच्या पाठीमागे फूटभर जमीन मोकळी झाली. परळ-लालबागला गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्यावर जी धावपळ झाली तीच घरात झाली, फक्त निविदा निघाल्या नाहीत. (1982 च्या संपानंतर गिरणगावातून विरारच्या दिशेने सरकलेली पुष्कळ कुटुंबं या भागात आहेत. मोकळ्या जागेचं काय होतं हे त्यांना वेगळं सांगायला नको.)

आज त्या फूटभर जागेत काय आहे ते वाकून बघा. बाबांच्या बीपीच्या गोळ्या. तारेला टोचलेली वीजबिलं, सगळ्यात खालचं पिवळं पडलेलं. आजीच्या चष्म्याचं घर, ज्यात चष्मा नसतो, सुया असतात. शाळेच्या प्रकल्पाचा थर्माकोलचा ज्वालामुखी. वहिनी पिको-फॉल करून देतात, म्हणून साड्यांची एक पिशवी आणि त्या पिशवीवर चिठ्ठी: "शुक्रवारी द्यायची." सरकत्या ट्रेवर कीबोर्ड असेल असं वाटलं ना? तिथे कंगवा, उदबत्तीचा पुडा आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची पावतीपुस्तकं असतात. ट्रेचं चॅनल गंजलेलं असल्यामुळे तो अर्धाच बाहेर येतो, आणि आत राहिलेल्या अर्ध्या भागात काय आहे हे नक्की कोणालाच सांगता येत नाही.

पद्धत अशी. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर टेबलावरचं सगळं दिवाणावर काढा आणि घरातल्यांना गोळा करा. एकेक वस्तू हातात धरा आणि मालक विचारा. संवाद साधारण असा होईल:

"आई, हे कशाचं झाकण आहे?"

"राहू दे. लागतं."

"पण कशाला लागतं?"

"लागेल तेव्हा कळेल."

इथे वाद घालू नका. झाकण बाजूला ठेवा आणि पुढची वस्तू उचला. ज्या वस्तूला कोणीच वाली नाही, म्हणजे बंद पडलेल्या सेट टॉप बॉक्सचा रिमोट, एका कानाचा इअरफोन, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली, ती टाकायचा मोह आवरा. टाकलेल्या वस्तूचा मालक संध्याकाळच्या विरार फास्टने घरी येत असतो.

मग वेळापत्रक. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली आणि चर्चगेटपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर रोज ये-जा करणारी माणसं एकदम घरात बसली, तेव्हा या टेबलावर एका दमात तीन हक्कदार आले: कंपनीचं काम, शाळेचा ऑनलाइन वर्ग आणि आजीचं यूट्यूबवरचं कीर्तन. त्या वेळी जी वाटणी ठरली ती अजून बऱ्याच घरांत चालू आहे. ती कागदावर लिहून भिंतीला लावा. फर्निचरची दिशा वेळापत्रकावरून ठरते. पहाटे कीर्तन ऐकणारी आजी खाली झोपलेल्यांच्या पायांवरून टेबलापर्यंत जाणार असेल, तर टेबल दाराजवळच हवं, मग वास्तुशास्त्रवाला काहीही म्हणो.

बसायचं कसं

शास्त्र सोपं आहे. बसल्यावर कोपर काटकोनात, मनगट सरळ, पावलं जमिनीला टेकलेली. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. हात समोर लांब केला की बोटं स्क्रीनला टेकतील एवढं अंतर, म्हणजे 50 ते 70 सेंटिमीटर. टेबलाची उंची सहसा 75 सेंटिमीटरच्या आसपास असते.

हे सगळं खुर्ची गृहीत धरून लिहिलेलं असतं. आपली खुर्ची म्हणजे मरून रंगाची प्लॅस्टिकची, जी पाहुणे आले की पॅसेजमध्ये जाते आणि परत येताना दुसऱ्याच घरची असते. हातांची खुर्ची घेऊ नका, तिचे हात ट्रेला अडतात आणि मग माणूस टेबलापासून दीड फूट लांब बसून वाकतो. बिनहातांच्या खुर्चीवर बसलं की टेबल छातीशी येतं. उशी ठेवू नका, ती दबते आणि अर्ध्या तासात तुम्ही होता तिथेच येता. सोलापुरी चादरीची चौकोनी घडी ठेवा. आता पाय लटकायला लागतील, त्यासाठी पाट. पाट स्वयंपाकघरातून मागून आणायचा असतो आणि मागायची वेळ जेवणाच्या आसपासची नसावी.

मॉनिटर उंच करायला दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा हा उपयोग त्यांच्या डोक्यात नसणार, पण सात-आठ जाडजूड अंक चार इंचांची भक्कम बैठक देतात आणि प्लॅस्टिकच्या स्टँडसारखे डगमगत नाहीत. राशिभविष्याचे खाली घाला. कथेचे वर ठेवा, मधेच एखादा ओढून वाचता येतो.

खिडकी उजव्या किंवा डाव्या हाताला हवी. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनमध्ये तीच दिसते. आमच्याकडे खिडकीतून बहुतेक वेळा समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते आणि तिच्यातून त्यांचा टीव्ही, त्यामुळे हा नियम उजेडापेक्षा मालिकांसाठी जास्त कामाचा आहे. ट्यूबलाइटसाठी एक युक्ती: स्क्रीन बंद करा आणि काळ्या काचेत बघा. ट्यूब दिसली की मॉनिटर थोडा खाली झुकवा. ती दिसेनाशी झाली की थांबा.

वीज

या भागात विनोद बंद.

घरातलं साधं सॉकेट 6 अँपिअरचं असतं. 230 गुणिले 6 म्हणजे 1380 वॅट, एवढीच त्याची ताकद. संगणक आणि मॉनिटर मिळून दीडशे-दोनशे वॅट घेतात. इस्त्री हजार. मिक्सर पाचशे. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तिन्ही लावलं तर बेरीज सतराशेच्या घरात जाते, आणि प्लगच्या भोवतालचं प्लॅस्टिक तपकिरी व्हायला लागतं. ते तपकिरी वर्तुळ दिसलं की बोर्ड बदला, पुसू नका. एका बोर्डला दुसरा बोर्ड जोडून लांबी वाढवू नका. इस्त्रीला भिंतीवरचा वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट द्या आणि तिला टेबलावरून हद्दपार करा. याबद्दल घरात जे बोलणं ऐकावं लागेल ते ऐका.

थ्री-पिनमधली वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. तिला चुकवायला टू-पिन कन्व्हर्टर लावण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती वाईट आहे. सीपीयूच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगमध्ये गडबड आहे असं धरून चाला. इलेक्ट्रिशियन येईल आणि म्हणेल, "अर्थिंग तो है साहब." त्याला फेज आणि अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा. बल्ब नीट पेटला तर आहे. हे तुम्ही स्वतः करायचं नाही.

यूपीएसबद्दल फार अपेक्षा बाळगू नका. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॅट, आणि वीज गेल्यावर तो दहा-पंधरा मिनिटं देतो. काम सेव्ह करा आणि बंद करा, यासाठीची ती वेळ आहे; सामन्याची शेवटची पाच षटकं बघायला ती पुरत नाही. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं, म्हणून जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता नवी घेताना दुकानदाराला परत द्या. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, गरम होताना तो क्षणभर इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळून बसतो. खरा फायदा राउटरच्या छोट्या बारा व्होल्टच्या यूपीएसचा. राउटर फार थोडी वीज खातो, त्यामुळे तेवढ्याशा बॅटरीवर तो काही तास चालतो आणि लॅपटॉपवरचं काम अंधारातही अडत नाही.

पाणी

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, फक्त खालच्यांना हसू नये.

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडली आणि सखल भागातल्या घरांत लोकांनी गाद्या माळ्यावर चढवल्या. तळमजल्यावर राहत असाल तर मोजपट्टीची गरज नाही. कपाट थोडं सरकवा; त्याच्या मागे, जिथे रंग दिलेला नसतो, तिथे पाण्याची जुनी रेघ सापडते. सीपीयू त्या रेघेच्या वर हवा. टेबलाचा खालचा कप्पा विसरा. सीपीयू टेबलावर घ्या किंवा भिंतीला कंसाची फळी मारून त्यावर ठेवा. सॉकेटही रेघेच्या खाली असेल तर ते वर घेऊन बोर्ड पुन्हा बसवून घ्या, पावसाळ्याआधी.

पाणी घरात शिरायला लागलं तर पहिलं काम मेन स्विच बंद करणं. सामान त्यानंतर. ओल्या जमिनीवर उभं राहून प्लग उपटायचा नाही. भिजलेला संगणक "बघूया चालतो का" म्हणून सुरू करू नका, त्या एका बटणाने वाचण्याजोगी हार्ड डिस्कसुद्धा जाते. तो उघडा, पंख्याखाली काही दिवस वाळू द्या आणि मग जाणकाराला दाखवा.

पाणी न शिरताही दमट हवा असतेच. जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी संगणक सुरू ठेवा. आतल्या उबेने ओल धरत नाही. तीच उब पालीलाही आवडते. यूपीएसच्या जाळीतून शिरलेली पाल दोन तारांना एकदम टेकली तर पालही जाते आणि यूपीएसही. मागच्या भोकांवर बारीक जाळी लावा, पण कापड गुंडाळू नका. हवा कोंडली की आतलं तापमान चढतं.

वायरी

काहीही उपटण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. मग प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून बॉलपेनने नाव लिहा. "मॉनिटर", "प्रिंटर", "माहीत नाही". शेवटच्या वर्गात बऱ्याच निघतील. निळ्या टोकाची, पंधरा टाचण्यांची आणि दोन्ही बाजूंना पेच असलेली जाड वायर जुन्या मॉनिटरची. पातळ आणि चपट्या तोंडाची एचडीएमआय. जांभळं गोल भोक जुन्या कीबोर्डचं, हिरवं माउसचं.

बांधायला परकराची नाडी वापरा. प्लॅस्टिकची टाय एकदा आवळली की कापावीच लागते, आणि कापताना आतली वायर तुटते. नाडीची सुरगाठ कोणीही सोडवू शकतं. जास्तीची लांबी मोठ्या वेटोळ्यात घ्या, कोपऱ्यात दुमडू नका. विजेच्या वायरी एका बाजूने, नेटच्या दुसऱ्या बाजूने.

उरलेल्या वायरी कुठे ठेवायच्या? या कामात सोपाऱ्याची परंपरा मोठी आहे. रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. आत एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा, आणि त्यात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. एकात एक ठेवून जागा वाचवायची हीच रीत घ्या: मोठ्या बिस्किटाच्या डब्यात मिठाईचा, त्यात चष्म्याचं घर, त्यात पेनड्राइव्ह. मात्र सगळ्यात बाहेरच्या डब्यावर आत काय आहे ते लिहा. इंद्रजींकडे वेळ होता. तुमच्या मुलीला प्रोजेक्टची प्रिंट उद्या सकाळी द्यायची आहे.

खरोखरच मेलेलं सामान, म्हणजे फुगलेल्या बॅटऱ्या, जळालेले चार्जर, फुटलेला मॉनिटर, भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नका. तांबं काढायला वायरी जाळल्या जातात आणि तो धूर पुन्हा आपल्याच खिडकीत येतो. ई-कचरा घेणारी केंद्रं आणि दुकानं वेगळी असतात, तिथे द्या.

धूळ

रस्ता खोदलेला असो वा नसो, धूळ येतेच. महिन्यातून एकदा सीपीयूचं झाकण काढा आणि कोरड्या ब्रशने पंख्याची पाती साफ करा, पण पातं बोटाने धरून. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणणारे पुष्कळ आहेत. त्या हवेत पाण्याचे कण असतात आणि जोर इतका की पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. सीपीयूच्या मागे एक वीत जागा सोडा. दसऱ्याला संगणकाची पूजा जरूर करा. कुंकू मात्र कॅबिनेटला लावा, कीबोर्डला नको. झेंडूची पाकळी 'एंटर'खाली गेली की दिवाळीपर्यंत ओळ बदलत नाही.

नेट

केबलवाल्याची पिवळी बारीक वायर म्हणजे आत काचेचा धागा. ती दाराच्या फटीत दाबली, खिळ्याला काटकोनात वळवली किंवा तिच्यावर कपडे वाळत घातले की तो धागा तुटतो. पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की संगणक चालू-बंद करून उपयोग नाही, दोष वायरीत आहे. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवरची वायरही एकदा बघून या, मांजा तिच्यात अडकलेला असतो. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा कपाटावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवू नका, पत्रा लहरी अडवतो. स्वयंपाकघरापर्यंत नेट हवं असेल तर 2.4 गिगाहर्ट्झ, टेबलाशी वेग हवा असेल तर 5. शेजाऱ्यांना पासवर्ड द्यायचा की नाही हा तांत्रिक प्रश्न नाही.

मुहूर्त

एवढं सगळं कधी करायचं? नवशिक्यांना वाटतं, कुठल्याही सुट्टीच्या दिवशी. तसं करणाऱ्यांची टेबलं चौथ्या दिवशी मूळपदावर येतात. घरातली प्रत्येक वस्तू विनातक्रार हलते असा प्रसंग वर्षातून एकदाच येतो, तो म्हणजे गणपती. जे कोकणात गावी जातात त्यांनी दिवाळीच्या साफसफाईवर समाधान मानावं. ज्यांच्याकडे बाप्पा इथेच येतात त्यांच्या खोलीत मूर्तीला साजेशी उंची आणि मोकळ्या तीन बाजू असलेली जागा एकच, संगणकाचं टेबल. चतुर्थीच्या आदल्या रात्री बाबा स्वतः वीजबिलांची तार उचलतात. वहिनी साड्या हलवतात. आई तिचं झाकण कुठेतरी ठेवते आणि कुठे ते सांगत नाही. रिकाम्या टेबलाचा सनमायका तेव्हा पुसून घ्या, चॅनलमध्ये तेल सोडा, चौथं चाक मोकळं करा, मागचा बोर्ड बदला. मखराच्या माळांसाठी आलेल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही त्याच फेरीत तपासून घ्या.

दीड दिवस असो की पाच, उत्तरपूजा झाली की तयारीत राहा. मूर्ती उचलून सगळे "मोरया" म्हणत जिन्याने खाली जातील, तेव्हा घरात एकाने थांबायचं. पाणी भरायचं निमित्त चालेल. पाट उचला, मखर दिवाणावर ठेवा आणि मॉनिटर, कीबोर्ड, सीपीयू ठरलेल्या जागी लावून प्लगसकट सुरू करा. विसर्जनाहून मंडळी परतायच्या आत स्क्रीनवर काहीतरी चालू दिसलं पाहिजे. बंद संगणक दिसला तर वहिनींचं शिलाई मशीन त्या जागी किती छान बसतं, हे घरातल्या पाच जणांच्या एकदम लक्षात येतं.